गाडी सोडण्याआधी

गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यात दसरा उलटला की वस्त्या ओस पडायला लागतात. कोयते, ताडपत्री, चार भांडी, ज्वारीची पोती, कोंबड्या आणि लहान लेकरं ट्रॉलीत चढतात. टोळ्या सांगली-कोल्हापूरकडं, नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यांवर ऊस तोडायला जातात आणि उन्हाळा तापला की परततात. ही गोष्ट ज्यांची, ते आबा अशाच एका टोळीत गाडीवान होते. बैलजोडी घरची, टायरगाडी कारखान्याची आणि मुक्काम पाचटाच्या कोपीत. अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या जमिनीवर चूल मांडण्यात गेलं.

मुलगा मात्र आजीपाशी गावात राहून शिकला, नांदेडला इंजिनिअर झाला आणि नोकरीच्या मागं थेट जर्मनीत, श्टुटगार्टला पोचला. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आमच्याकडं कुणीही उठून म्हणतं. आबांच्या घरात मात्र दोन्ही टोकं खरोखरच बांधली गेली. बैल विकून झाले, गुडघे बोलायला लागले, तेव्हा मुलानं एका उन्हाळ्यात आबांना आणि मायला बोलावून घेतलं.

शेंगेन व्हिसा १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहू देतो आणि त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. हे सगळं मुलानं पाहिलं. मायनं पाहिलं ते बॅगेचं. तिनं तूप कढवलं होतं, पेढे बांधले होते. मुलानं फोनवरच अडवलं, की युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. मग तिनं कृषी विद्यापीठाच्या ‘परभणी मोती’ वाणाच्या ज्वारीचं पीठ, कारळाची चटणी आणि शेंगदाण्याचा कूट भरला. देवगिरी एक्स्प्रेसनं परभणीहून मुंबई गाठेपर्यंत ती बॅग तिनं सीटखाली जाऊ दिली नाही.

सुट्टीत मुलानं भाड्यानं कॅरॅव्हान आणली. तिकडं चाकांवरचं घर दोन तऱ्हेचं मिळतं. एकाला स्वतःचं इंजिन असतं, दुसरं गाडीमागं ओढायचं. ओढायचं असलं की मुक्कामावर घर सोडून गाडी घेऊन गावात भाजी आणायला जाता येतं, म्हणून यानं दुसरं घेतलं. परवान्याची अडचण नव्हती. भारतातला परवाना तिथं राहायला गेलेल्याला सहाच महिने चालतो, त्यामुळं त्यानं लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा केव्हाच देऊन टाकल्या होत्या. व्हिडिओ पाहून वस्तूंची यादी केली होती. घड्या होणारं टेबल, घड्या होणारी बादली, घड्या होणारी किटलीसुद्धा. अशा याद्या करणाऱ्यांचं मला नेहमी नवल वाटतं. त्यांत काय न्यावं ते सगळं असतं, कुठं ठेवावं हे कुणी लिहीत नाही.

सामान भरलं मुलानं आणि सुनेनं. मागच्या पलंगाखाली ऐसपैस जागा होती, म्हणून पिठाचा डबा, कांदे-बटाट्याचं पोतं, कुकर, डाळ-तांदूळ आणि पाण्यानं भरलेले वीस-वीस लिटरचे दोन कॅन सगळे तिथं गेले. आबा म्हणाले, “लेकरा, मी एकदा बघू का?” मुलगा म्हणाला, “आबा, तुम्ही निवांत बसा. जागेवर बसलंय सगळं.” आबा निवांत बसले.

उल्म मागं टाकून ते ए-७ महामार्गाला लागले. जर्मनीत मागं ओढगाडी असली की ताशी ८० ची मर्यादा असते. गाडी-कॅरॅव्हानची जोडी तपासून वेगळा शिक्का घेतला तरच १००. मुलगा ८० वरच होता. एका उतारावर भला मोठा ट्रक शेजारून पुढं निघाला, त्याच्या वाऱ्याचा झपका बसला आणि मागचं घर डुलायला लागलं. आधी थोडं, मग जास्त, मग तर पुढच्या गाडीलाच हिसके द्यायला लागलं. सून किंचाळली. मुलानं घाबरून स्टीअरिंग फिरवलं नाही हे बरं झालं. त्यानं ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढला, चाक सरळ धरून ठेवलं. वेग पडत गेला तसं डुलणं थांबलं. पुढच्या थांब्यावर उतरला तेव्हा त्याचे हात थरथरत होते.

मुलाला वाटलं, वारा होता. सुनेला वाटलं, टायर बसलं असेल. आबांनी चाकांना पाचर लावायला सांगितली, हूक सोडायला लावला आणि कॅरॅव्हानच्या पुढच्या दांड्याखाली हात घातला. दांडा एका हातानं वर आला.

“उलाळ झाली की रं,” आबा म्हणाले.

बैलगाडीत मागं भार जास्त झाला की जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याचे पट्टे आवळतात. चढावर तर गाडी मागं उलथतेच. भार पुढं जास्त झाला की जू मानेत रुततं. गाडीवानाचं कसब बैल हाकण्यात कमी आणि मोळ्या रचण्यात जास्त. निम्मा भार आसाच्या पुढं, निम्मा मागं आणि किंचित झुकतं माप जुवाकडं. कॅरॅव्हानचं गणित याहून वेगळं नाही. दांड्याचा थोडा भार गाडीच्या हुकावर पडलाच पाहिजे, नाहीतर मागचं घर शेपटीसारखं हलतं. किती भार चालतो तो आकडा हुकाजवळच्या पट्टीवर छापलेला असतो, बहुतेक गाड्यांना ७५ ते १०० किलोंच्या आसपास. मुलानं तो वाचला होता, पण मोजला नव्हता.

पार्किंगमध्येच सगळं बाहेर काढलं. आबा कॅरॅव्हानच्या दारात उभे राहून एकेक वस्तू मागत होते. पीठ, डाळ, कुकर बरोबर चाकांच्या वर, खाली जमिनीला लागून. पांघरुणं आणि कपडे वरच्या कपाटांत. मागच्या पलंगाखाली नुसत्या चपला आणि नातीची खेळणी. पाण्याच्या कॅनशी ते थांबले. “मुक्कामावर पाणी हाय का न्हाई?” “नळ आहेत, आबा.” “मग हे काऊन वाहायलास?” चाळीस किलो पाणी गटारात गेलं. एवढ्या कॅरॅव्हानमध्ये सामान भरायची मुभाच दोन-अडीचशे किलोंची असते, त्यातले चाळीस म्हणजे थोडे नव्हेत. हूक पुन्हा लावला, दांडा आता दोन हातांनीही उचलेना. तिथून पुढं ट्रक कितीही गेले तरी घर मागून निमूट येत राहिलं. पुढं मुलानं दांड्याखाली लाकडी ठोकळा आणि न्हाणीघरातला वजनकाटा ठेवून भार मोजायची सवय लावून घेतली. ती चांगली, पण आबांच्या हाताला तो आकडा आधीच कळायचा.

इथवरची गोष्ट आबांच्या गावात सगळ्यांना पाठ आहे. मुलगा स्वतः रंगवून सांगतो. पुढची आबाच सांगतात, तीही विचारलं तर.

आल्प्सच्या पायथ्याला, फ्युसेन गावाच्या अलीकडं त्यांचा कॅम्पिंगचा तळ होता. पोचले ते दुपारी सव्वाला आणि फाटक बंद. एक ते तीन दुपारची शांतता, या वेळात गाडी आत नाही, बाहेर नाही. तशीच रात्री दहानंतर. मायला हे फार पटलं. “दुपारी पडू देत्यात माणसाला,” म्हणाली. तीनला आत गेले. आबांनी भांडी घासलेलं पाणी सवयीनं कुंपणाच्या कडेला ओतलं, तर तळाचा माणूस येऊन नातीशी बोलून गेला. नात नऊ वर्षांची, जर्मन तिची शाळेची भाषा. सांडपाणी बादलीत धरायचं आणि ठरलेल्या जागीच ओतायचं, संडासाची पेटीही तिथंच रिकामी करायची, असं तिनं सांगितलं. आबांना राग आला नाही. साबणाचं पाणी पाटात गेलं म्हणून सांगलीकडचा एक शेतकरी टोळीवर काठी घेऊन आला होता, आणि पुढच्या साली त्यानं विहिरीजवळची जागा दिली नव्हती. जागा देणाऱ्याचं म्हणणं काय असतं हे त्यांना ठाऊक होतं.

तळावर मिळालेली जागा ओढ्याच्या काठी होती. समोर डोंगर, खाली हिरवंगार गवत, पाण्याचा आवाज. सुनेनं लगेच फोटो काढले. मुलगा हूक सोडायला वाकला.

“थांब. गाडी सोडू नको,” आबा म्हणाले आणि ओढ्याकडं चालत गेले.

तिथलं गवत बाकीच्या कुरणासारखं नव्हतं, लव्हाळ्यासारखं ताठ आणि गडद होतं. पाय दाबला की ओल वर यायची. कुंपणाच्या तारेत गुडघ्याएवढ्या उंचीवर वाळलेल्या काड्या, पालापाचोळा आणि प्लॅस्टिकची एक पट्टी अडकली होती, सगळी एकाच दिशेला वाकलेली. आबांनी ती बोटानं मोकळी केली आणि मुलाला दाखवली. वारा कचरा आणतो तो कसाही अडकतो. पाणी आणतं तो असा विंचरल्यासारखा.

मुलगा म्हणाला, आभाळ निरभ्र आहे, जागा आरक्षित आहे, पैसे भरलेत. बाप-लेकात जरा शब्दाला शब्द झाला. शेवटी तो धुसफुसत कार्यालयात गेला. तिथल्या बाईंनी काही न विचारता वरच्या अंगाची जागा दिली, शौचालयाजवळची, जी कुणी मागत नाही. आधी रॅम्पवर चाक चढवून कॅरॅव्हान समपातळीत आणली, मग चारी कोपऱ्यांचे पाय खाली सोडले. ते पाय टेकू देण्यापुरते असतात, घर उचलायला वापरले तर वाकतात. निळ्या प्लगाची वायर खांबाला लावली. खांबावर दहा अँपिअर लिहिलं होतं, म्हणजे सगळं मिळून २,३०० वॅट. सुनेनं इंडक्शन आणि किटली एकदम लावली आणि आठव्या मिनिटाला अंधार केला.

तासाभरानं ओढ्याकाठच्या त्या रिकाम्या जागेवर एक तरुण जोडपं आलं. पोलंडचे विद्यार्थी, असं नंतर कळलं. पाठीवरची ओझी उतरवून त्यांनी लहानसा तंबू ठोकला, अगदी त्या तारेला लागून. आबा खुर्चीत बसून चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. थोडा वेळ तिकडं बघत राहिले. मग कप पुन्हा उचलला.

विजा सुरू झाल्या त्या मध्यरात्रीनंतर. उन्हाळ्यात त्या डोंगरांत असं होतं. दिवसभर तापतं आणि रात्री वर कुठंतरी ढग रिकामा होतो. खाली पाऊस बेताचा असला तरी ओढा वरचं पाणी घेऊन येतो. कॅरॅव्हानच्या छतावरचा आवाज ऐकून आबा उठले ते टॉवेल डोक्यावर घेऊन बाहेरच पडले. मागून मुलगा बॅटरी घेऊन. ओढ्याकाठी पाणी पोटरीपर्यंत आलं होतं आणि तंबूत अजून दिवा नव्हता. हाका मारून, कापड हलवून त्यांना उठवलं, हाताला धरून वर आणलं. तंबू गेला, एक बॅग गेली, मुलीचे बूट गेले. दोघं कॅरॅव्हानमध्ये थडथडत बसून राहिले. मायनं धपाटे आणि चहा पुढं केला.

जीव गेला नाही, म्हणून ही गोष्ट हसत सांगता येते. स्पेनमध्ये पिरेनीज डोंगरात बिएस्कास गावाजवळ ७ ऑगस्ट १९९६ ला अशीच संध्याकाळची सर आली होती. तिथला तळ ओढ्यानंच वर्षानुवर्षं आणून टाकलेल्या गाळाच्या पंख्यावर वसवलेला होता, रीतसर परवानगीनं. काही मिनिटांत पाणी, दगड आणि झाडं तळावरून गेली आणि ८७ माणसं मेली. तंबू-कॅरॅव्हान घेऊन निघणाऱ्यानं गॅसची शेगडी कुठली घ्यावी याच्या आधी बिएस्कासचं नाव माहीत करून घ्यावं असं मला वाटतं.

सकाळी ऊन पडलं. तळाचा माणूस आबांचा हात हातात घेऊन बरंच काही बोलला, नातीनं ते थोडक्यात सांगितलं. मुलानं घरी फोन करून आबांचं कौतुक केलं. ते पोलिश जोडपं तर निघताना आबांच्या पाया पडल्यासारखंच वाकलं. आबा मात्र सगळा वेळ जमिनीकडं बघत होते.

नात जवळ येऊन म्हणाली, “आबा, तुम्हाला कालच कळलं होतं ना तिथं पाणी येतं?”

“हो.”

“मग मला का नाही सांगितलं? मी त्यांना सांगितलं असतं.”

आबांपाशी कारणं होती. भाषा येत नाही. आपण पाहुणे. ती शिकलेली पोरं, नकाशे बघून आलेली. जागा कार्यालयानं दिलेली, ते बघतील. यातलं एकही नऊ वर्षांच्या पोरीला सांगण्यासारखं नव्हतं, कारण ती समोरच उभी होती आणि तिला भाषा येत होती. शिवाय कार्यालयाला तरी कारण कुठं सांगितलं होतं? जागा बदलून द्या, एवढंच मुलगा म्हणाला होता.

रात्री त्यांनी मायला विचारलं, “सांगलीकडं त्या साली पाटाचं आवर्तन राती सुटलं, तवा आपला मुकादम आधी कुणाच्या कोपीत गेल्ता?”

माय झोपेतच म्हणाली, “आवं, त्या दुसऱ्या टोळीच्या. त्याच खाली हुत्या.”

“त्यांची आन् आपली भांडणं हुती.”

“हुती की. दुसऱ्या दिवशी फिरून झाली.”

सप्टेंबरात आबा गावी परतले. परदेशातल्या मुक्कामाचे जाणकार म्हणून त्यांचं नाव झालं. सेलूहून, पाथरीहून लोक येतात, ज्यांची मुलं तिकडं आहेत आणि ज्यांना असं घर ओढत फिरायचं आहे. आबा ओट्यावर बसून सांगतात आणि त्यांचा क्रम त्यांचाच असतो. गाडी चालवणार असाल तर परभणीच्या आरटीओ कचेरीतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, तो वर्षभर चालतो. घराची उंची चिठ्ठीवर लिहून काचेपाशी चिकटवा, पूल आणि पेट्रोलपंपाचं छप्पर कुणाची ओळख धरत नाही. ब्यूटेनचा गॅस शून्याच्या आसपास पेटत नाही, थंडीत प्रोपेन घ्या, आणि दर देशाची टाकी-रेग्युलेटर निराळे असतात. गारठलात म्हणून निखारे कधी तंबूत नेऊ नका, त्यांतून निघणाऱ्या वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. स्वित्झर्लंडच्या महामार्गाचं विग्नेट ओढगाडीला वेगळं घ्यावं लागतं. दिसली जागा की लावली गाडी असं चालत नाही. नॉर्वेत मोकळ्या रानात तंबू ठोकता येतो, पण घरापासून दीडशे मीटर लांब, आणि ती मुभा तंबूची, गाडीची नव्हे. दिवस मावळायच्या आत पोचा. जागा बघितल्याशिवाय गाडी सोडू नका.

लोक वहीत लिहून घेतात. मग आबा म्हणतात, “आन् बाजूला कोण उतरलंय ते बघा.” हे बहुतेक जण लिहीत नाहीत. त्यांना वाटतं, म्हातारा चोरांविषयी बोलतोय.

दसऱ्यानंतर पुतण्याची टोळी निघाली. तो आता मुकादम आहे, उचल देतो-घेतो, ट्रॅक्टर बाळगतो. आबांनी त्याला ट्रॉलीपाशी गाठून सांगितलं, कोप्या घालताना पाटाची खालची बाजू टाळ आणि दुसऱ्या टोळ्या तिथं उतरल्या असतील तर त्यांनाही सांग.

“आबा, ती दुसऱ्या मुकादमाची माणसं. मागल्या साली माझे तीन कोयते फोडले त्यानं.”

“म्हणून तर सांगाय लागतं. आपल्या माणसाला कुणीबी सांगतंय.”

पुतण्या हसला आणि ट्रॅक्टर सुरू केला.

डिसेंबरात त्याचा फोन आला, चांगलाच तापलेला. त्यानं सांगितलं होतं. दुसऱ्या टोळीनं कुरकुर करत कोप्या मोडून वर हलवल्या होत्या. पाटाची दोन आवर्तनं होऊन गेली, पाणी काही बाहेर आलं नाही. आणि आता त्यांच्या बायांना हंडे घेऊन दुप्पट लांब चालावं लागतंय, म्हणून रोज सकाळी सगळी वस्ती पुतण्याच्या नावानं शिव्या देते.

“किती लांब पडतंय पाणी?” आबांनी विचारलं.

“आसंल अर्धा कोस.”

“तुझा ट्रॅक्टर फडावर जातो तवा त्यांच्यावरूनच जातो ना? एक टाकी त्यांच्या दारात उतरवत जा.”

“आन् डिझेल?”

“त्यांच्या मुकादमाला निम्मं माग.”

“त्यो देणार हाय व्हय!”

“न्हाई देणार,” आबा म्हणाले. “तरी माग.”